नववी ‘ब’ आणि भट्टीमागची भिंत

त्या गल्लीत दोन बेकऱ्या शेजारीशेजारी होत्या, आणि एकाच माणसाने दोन्हीकडे खरेदी करायची नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कोण? गावात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. हायस्कूलमधल्या इतिहासाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी ती आली होती, वर्षभरापुरती. वडिलांच्या बदल्यांमुळे लहानपणापासून ती गावं बदलतच आली होती. नव्या गावात कसं वागायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं. हसून बोलायचं, फार जवळ जायचं नाही, निघताना मागे वळून बघायचं नाही.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर तिने डावीकडच्या बेकरीतून पाव घेतला. तिथले टोस्ट संपले होते, म्हणून उजवीकडच्या बेकरीची पायरी चढली.

“एक पुडा टोस्ट द्या.”

काउंटरमागे कपाळावर पिठाचा पट्टा ओढलेला एक तरुण उभा होता. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, तिथून तिच्या हातातल्या कागदी पिशवीवर गेली आणि पिशवीवरच्या शेजारच्या शिक्क्यावर थांबली. बाकावर चहा पीत बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी पेले खाली ठेवले. गल्ल्यावरचे म्हातारे गृहस्थ उठले आणि आत निघून गेले.

“माझं काही चुकलं का?”

“छे, छे. तुम्ही... नवीन दिसताय.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती पिशवी घेऊन ह्या पायरीवर आजवर कुणी चढलं नव्हतं.” त्याने टोस्ट कागदात बांधायला घेतले. “आत गेले ते माझे वडील. शेजारी त्यांचे थोरले भाऊ. मधे भिंत. दोघांचं अगदी विळ्या-भोपळ्याचं सख्य. इकडचं गिऱ्हाईक तिकडे जात नाही, तिकडचं इकडे येत नाही.”

“का?”

तो मान हलवून म्हणाला, “खरं सांगू? मला नियम तोंडपाठ आहेत. कारण कुणी सांगितलंच नाही.”

तिला हसू आलं. “माझी मुलं इतिहासाच्या पेपरात अगदी हेच करतात. सनावळ्या पाठ, आणि कारणं विचारली की पान कोरं.”

“इतिहासाच्या बाई आहात होय?” त्याने पुड्यात दोन टोस्ट जास्त टाकले. “मग येत जा. ह्या गल्लीत इतिहास पुष्कळ आहे, तो सांगणाऱ्यांचीच टंचाई आहे.”

ती पायऱ्या उतरली. कोपऱ्यावर वळताना तिला वाटलं, मागे बघावं. पण बघितलं नाही.

नववी ‘ब’चा इतिहासाचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा. दूरदेशींच्या राजांचे तह वाचायला घेतले की मागच्या बाकांवर माना कलायला लागत. एका दुपारी तिने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“घरापासून शाळेपर्यंत येताना जे दिसतं, त्यातली एक जुनी गोष्ट निवडा. ती कधी आली, कुणी आणली, का आणली, ते शोधून काढा. निदान तिघांना विचारा. तिघं तीन तऱ्हेचं सांगतील. सांगू द्या. खरं कसं ओळखायचं ते आपण इथे बसून ठरवू.”

वर्ग जागा झाला. कुणी आटलेला हातपंप निवडला, कुणी शाळेची घंटा, कुणी रस्त्यातलं एक विनाकारण वळण. मग तिसऱ्या बाकावरची ठिणगी उठली. हजेरीपटावर तिचं नाव वेगळं आणि बरंच सौम्य होतं, पण हजेरी सोडली तर ते कुणी वापरत नसे.

“बाई, आमच्या बेकरीतली भिंत चालेल?”

ठिणगी डावीकडच्या बेकरीवाल्या थोरल्यांची नात होती. अख्खा वर्ग तिच्याकडे वळला.

बाई घुटमळल्या. पुस्तकातली माणसं मेलेली असतात, ही इतिहासाच्या शिक्षकांची केवढी मोठी सोय! ती तक्रार करायला शाळेत येत नाहीत. ही भिंत बांधणारी माणसं मात्र रोज सकाळी पाव विकत होती.

“दोन्ही बाजूंना विचारावं लागेल,” ती म्हणाली.

“विचारेन.”

“तिकडे कधी गेली आहेस?”

“नाही,” ठिणगी म्हणाली. “म्हणून तर.”

आणि ती खरंच गेली. वही काखेत मारून जन्मात पहिल्यांदा उजवीकडच्या पायऱ्या चढली. धाकटे त्या वेळी बाहेर होते. त्यांच्या मुलाने, नात्याने तिच्या काकाने, तिला स्टूल दिलं, केक दिला आणि मागची खोली उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना ओढतच तिथे नेलं.

पुढे दुकानात भिंतीला गिलावा होता, रंग होता. मागच्या खोलीत मात्र नुसत्या विटा. तिथे पूर्वीची मोठी भट्टी होती. भिंत त्या भट्टीच्या बरोब्बर मधून गेली होती. घुमट मधोमध फोडून वर विटा चढवल्या होत्या. अर्धी भट्टी इकडे, अर्धी तिकडे. दोघांनाही ती निरुपयोगी, आणि दोघांनीही पाडलेली नव्हती. इकडच्या अर्ध्या भट्टीत रिकामे ट्रे रचून ठेवले होते आणि एक मांजर झोपलं होतं.

“भिंत बांधली कुणी?” बाईंनी विचारलं.

“मोठ्या काकांनी,” तो म्हणाला.

“आमच्याकडे म्हणतात, तुम्ही,” ठिणगी म्हणाली. भिंतीला कान असतात म्हणे. ह्या भिंतीला तोंड असतं तर बरं झालं असतं, असं पुटपुटत ती चित्र काढायला बसली.

तो भट्टीच्या काठाला टेकला. “तुमच्याबद्दल बरंच ऐकलंय.”

“कुणाकडून?”

“ठिणगीकडून. बाई चिडत नाहीत. बाई एकट्याच राहतात. संध्याकाळी खिडकीत बसून वह्या तपासतात आणि मधेच... बाहेर बघत बसतात.”

“हे दुय्यम साधन झालं.”

“म्हणजे?”

“ऐकीव माहिती. ज्याची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकली, तर ते प्राथमिक साधन. ते जास्त भरवशाचं.”

“अस्सं!” त्याने हात झटकले. पिठाचा एक छोटा ढग उठला. “मग प्राथमिक साधनाला संध्याकाळी कधी थोडा वेळ असतो का?”

तिने वाकून एक वीट निरखायला सुरुवात केली. त्या विटेत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“प्राथमिक साधन सध्या कामावर आहे,” ती म्हणाली.

“थांबतो की मी. पाव फुगायलाही वेळ लागतोच.”

वहीच्या मागून ठिणगीने दोघांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली.

तीच पुढच्या आठवड्यात वर्गात दोन चित्रं घेऊन आली, एक घरच्या बाजूचं आणि एक पलीकडचं. पलीकडच्या बाजूला भिंतीच्या खालच्या भागात विटांच्या सांध्यांतलं सिमेंट सफाईने पुसलेलं होतं, आणि कमरेच्या वर ते गोळे-गोळे होऊन बाहेर आलेलं. घरच्या बाजूला बरोब्बर उलट. हे असं का, कुणालाच सांगता येईना.

“बांधून बघू या,” बाई म्हणाल्या.

मैदानाच्या कोपऱ्यात विटा आल्या, वाळू आली, सिमेंट आलं. सगळं तोच टेम्पोतून घेऊन आला, कारण ठिणगीने काकाला परस्पर कामाला लावलं होतं. आभाळ भरून आलं होतं. बारीक भुरभुर सुरू झाली, पण नववी ‘ब’ हलायला तयार नव्हती. तो एका बाजूला बसला, ती दुसऱ्या बाजूला. थापीने सिमेंट पसरायचं, वीट ठेवायची, वरून दाबायची. दाबली की दोन्ही बाजूंनी सिमेंट बाहेर यायचं. त्याच्या बाजूचं तो थापीने पुसून घ्यायचा. तिच्या बाजूचं तसंच ओघळत राहायचं.

तिने नकळत बोट पुढे केलं.

“बाई, हात नका लावू!” अख्खा वर्ग ओरडला. “ते तसंच राहायला हवं!”

ती हात मागे घेऊन हसली. पावसाचे थेंब तिच्या पापण्यांवर अडकले होते. भिंत गुडघ्याएवढी झाली होती, आणि तिच्यावरून तो तिच्याकडे बघत होता. जरा जास्तच वेळ.

“तुमच्या बाजूला काय काय ओघळतंय,” तो हळूच म्हणाला, “ते मला इकडून दिसतच नाही.”

“म्हणून तर... दोन्हीकडून बघावं लागतं.”

“मी येऊ तिकडे?”

“वीट ठेवा,” ती म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा सपाट आला नाही, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

तेवढ्यात ठिणगी उभ्या जागी उडाली. “बाई! म्हणजे खालची भिंत काकांच्या बाजूने बांधली आणि वरची आमच्या बाजूने! म्हणजे दोघांनी मिळून—”

“थांब. भिंत कमरेएवढी असताना एकच माणूसही ओलांडून पलीकडे जाऊ शकतो,” ती म्हणाली. “चित्रं एवढंच सांगतात, की काम दोन्ही बाजूंनी झालं. हात कुणाचे होते, ते विचारावंच लागेल.”

विचारायची वेळ यायच्या आधी थोरलेच शाळेत आले. नात पलीकडच्या दुकानात जाते ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या. मुख्याध्यापिकांच्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“आमच्या घरच्या भांडणाचे मार्क देणार आहात का पोरांना?”

ते गेल्यावर मुख्याध्यापिकांनी तिला बोलावलं. “दोघांची परवानगी आणा, नाहीतर भिंत सोडा. हातपंप आहे, घंटा आहे, पुष्कळ आहे.” मग चष्मा काढून त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि एक सांगते. लोक बोलतायत, की नव्या बाई धाकट्यांच्या बाजूच्या. रोज तिथूनच टोस्ट घेतात. वर्ष संपलं की तुम्ही जाल. गाव इथेच राहील, आणि मीही.”

त्यात चूक काही नव्हतं. ती दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बेकऱ्यांत जायची बंद झाली. स्टँडजवळच्या एका दुकानात पाव मिळायचा, तो आणू लागली.

चौथ्या की पाचव्या दिवशी रस्त्यात तिच्याशेजारी टेम्पो थांबला. त्याने खाली उतरून तिच्या हातातली पिशवी पाहिली.

“मोठ्या काकांकडचा पाव घेतला असतात, तर एक वेळ समजू शकलो असतो,” तो म्हणाला. “पण हा? हा पाव आहे?”

ती हसली नाही. “मला कुणाच्याच बाजूचं असून चालणार नाही.”

“मी कुठे बाजू घ्या म्हणालो?”

“मी भिंतीबद्दल बोलतेय.”

“मी नाही,” तो म्हणाला.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. ती “उशीर होतोय” म्हणाली आणि चालू लागली. चालत निघून जाणं तिला चांगलं जमायचं. त्या दिवशी मात्र घरी पोचल्यावर तिला आढळलं, की पिशवी मुठीत चुरगळली आहे आणि पावाचा पार लगदा झाला आहे.

परवानगी मागायला ती आधी धाकट्यांकडे गेली. ते गल्ल्यामागून म्हणाले, “तो हो म्हणाला तर माझं नाही. तो नाही म्हणाला तर माझं हो.”

ती शेजारी गेली आणि थोरल्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. थोरले ‘हो’ आणि ‘नाही’ बोटांवर मोजायला लागले. मग तिने ठिणगीची दोन्ही चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला. पलीकडच्या बाजूच्या चित्रावरून त्यांचं बोट फिरत फिरत कमरेच्या उंचीपाशी थांबलं.

“हे त्याला दाखवलं?”

“अजून नाही.”

“तुमच्या वर्गात तो येणार आहे का बोलायला?”

“बोलावणार आहे.”

“मग मी येतो,” थोरले म्हणाले. “नाहीतर तो भलतंच काहीतरी सांगून बसेल.”

धाकट्यांनाही तिने हेच कळवलं. त्यांचंही उत्तर शब्दाला शब्द तेच आलं.

त्या दिवशी नववी ‘ब’मध्ये दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, दाराशी एक आणि खिडकीशी एक. धाकट्यांना सोडायला आलेला मुलगा मागे भिंतीला टेकून उभा होता. तिने त्याच्याकडे एकदाच बघितलं. त्याने मान किंचित हलवली, हसला मात्र नाही.

ठिणगीने दोन्ही कागद पाठीला पाठ लावून खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात दोन्ही बाजू एकदमच दिसल्या. सफाईचा भाग कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो, ते सगळ्यांना दिसलं.

“ही भिंत कुणी बांधली?” बाईंनी विचारलं.

थोरले कागदाकडे बघत म्हणाले, “खालची ह्याने. माझी पाठ धरली होती. वाकता येत नव्हतं.”

“आणि वरची?”

धाकट्यांनी घसा खाकरला. “कमरेच्या वर भिंत तिरकी जायला लागली. मला ओळंबा धरता येत नव्हता... अजूनही येत नाही. तेव्हा दादाने—”

ते थांबले. तो शब्द त्यांच्या तोंडून निसटला होता. मागे उभा असलेला मुलगा ताठ झाला. त्याने वडिलांच्या तोंडून तो शब्द जन्मात ऐकला नव्हता.

“—दादाने माझ्या हातातून थापी काढून घेतली. म्हणाला, ही अशी बांधलीस तर पडेल कुणाच्या तरी अंगावर.”

“तेव्हा भांडण चालू होतं?” एका मुलीने विचारलं.

“जोरात!” दोघं एकदम म्हणाले.

“मग घरी का नाही सांगितलं?”

“काय सांगायचं?” थोरले म्हणाले. “तोंड बघणार नाही अशी शपथ घेतली, आणि मग दिवसभर एकमेकांना विटा उचलून दिल्या? लोक हसले असते.” त्यांनी हातातला रुमाल उगाच घडी केला, पुन्हा उलगडला. “मग तो म्हणायला लागला, भिंत दादाने घातली. मग मीही म्हणालो, त्याने घातली.”

“मी आधी नाही म्हटलं!”

“तूच म्हटलंस!”

“आणि भांडण कशावरून झालं होतं?” बाईंनी विचारलं.

“ह्याला भट्टीत लाकूडच जाळायचं होतं,” थोरले म्हणाले.

“खोटं! तुला पाटीवर तुझं एकट्याचं नाव हवं होतं!”

घंटा झाली, तरी कुणी जागचं उठेना. तिने फळ्यावर दोन्ही कारणं लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तास संपला. भांडण संपलं नाही. ते वर्गातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून फाटकाबाहेर गेलं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते समोरासमोर चाललं होतं, आणि जिन्यावर थोरल्यांची पाठ आखडली तेव्हा धाकट्यांनी बोलणं न थांबवता त्यांना हाताला धरून उतरवलं.

भिंत पडली वगैरे नाही. पुढे कधीतरी मागच्या बाजूला तिच्यात एक दार पाडलं गेलं, म्हणे ठिणगीच्या सोयीसाठी.

वर्ष संपलं. रजेवरच्या बाई परत येणार होत्या. तिला शेजारच्या गावातल्या शाळेत कायमची जागा मिळाली. पत्र हातात पडलं, त्याच दुपारी ती चालत पिठाच्या गिरणीवर गेली. तो बाहेर टेम्पोत पोती चढवत होता. गिरणीच्या आवाजात तिला जरा मोठ्यानेच बोलावं लागलं.

“मला नोकरी लागली. पलीकडच्या गावात.”

त्याने पोतं खाली ठेवलं. “अभिनंदन.”

“एवढंच?”

“दुसरं काय बोलू? तुम्हाला बाजू घेऊन चालत नाही ना...”

“भिंतीचे मार्क देऊन झाले,” ती म्हणाली. “आता चालतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती तशी शांत दिसत होती, पण बोटांत छत्रीचा दांडा गोल गोल फिरत होता.

“मी आजवर जिथे राहिले, तिथून निघताना कुणाला काही सांगितलं नाही,” ती म्हणाली. “सांगण्यासारखं काही नसायचंच. ह्या वेळी... आहे. मला तुम्ही... मला तू आवडतोस. बसने तासाभराचं अंतर आहे. मी खोली सोडत नाहीये. रोज जाऊन-येऊन करीन.”

नेमकी त्याच क्षणी गिरणी थांबली. शेवटचं वाक्य अख्ख्या आवारात स्वच्छ ऐकू गेलं. गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला. टेम्पोपाशी तो मात्र स्वतःच खाली ठेवलेल्या पोत्यावर बसला.

“मी इतके महिने वाक्य जुळवत होतो,” तो म्हणाला, “आणि तू उभ्या उभ्या सांगून मोकळी!”

“मग आता म्हण की.”

“आता ते फार साधं वाटतंय.”

“साधंच म्हण.”

त्याने ते म्हटलं. गिरणीवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, पण तिला पुरेल इतकं. मग उठला, हात पुसले आणि पुसलेल्या हाताने तिचा हात धरला. तरी तिचा हात मनगटापर्यंत पांढरा झालाच.

“घरी काय सांगू?” त्याने विचारलं. “म्हणजे, विचारलं तर?”

“विचारलं तर खरं सांग,” ती म्हणाली. “आणि नाही विचारलं... तरी सांग.”